धाकटीचा उजवा डोळा

धाकटीच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या सकाळी तिने सगळ्यात आधी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "जाऊबाई, किती म्हाताऱ्या दिसायला लागलात हो तुम्ही."

ती हे वाईट बुद्धीने म्हणाली नव्हती. तीन-चार वर्षं तिला माझा चेहरा वाफ धरलेल्या काचेपलीकडून दिसत होता आणि त्या सकाळी काच पुसली गेली होती, एवढंच. पण माझ्या काळजाला ते लागलं ते लागलंच. मीही तिच्याकडे पाहिलं. मला एक फिकट गोल दिसला आणि त्यावर पांढरं काहीतरी, म्हणजे केस. तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या किती हे मला सांगता आलं नसतं. पण तसं मी बोलू शकत नव्हते, कारण माझी नजर उत्तम आहे हे चाळीस माणसांच्या देखत ठरून गेलं होतं.

आम्ही दोघी सख्ख्या जावा. मी थोरली, चौऱ्याहत्तरची. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. दोघींचे नवरे गेले, मुलं कामधंद्याला लांब पांगली, आणि टेलरमास्तरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. मास्तरचं शिवणकाम खाली, आमचं वर. कोटाची काजं हाताने करायची, बटणं लावायची, अस्तराची कड आतून टाचायची, हे आमचं काम. कपडे वर-खाली जायचे ते खिडकीतून सोडलेल्या टोपलीने. दोरी मी ओढायची, कारण माझे दंड धाकटीपेक्षा पहिल्यापासून भक्कम. तेरा पायऱ्यांच्या बाहेरच्या जिन्यावरून ओझं आणायचं नाही, असा सासूबाईंच्या वेळचा दंडक होता.

खिडकीतली खुर्ची माझी. ती मला सासूबाईंनी दिली होती. धाकटी या घरात आली तेव्हा मला इथे येऊन सहा वर्षं झाली होती आणि माझं काज बघायला दुसऱ्या गल्लीतले शिंपी यायचे. धाकटीने पहिल्याच आठवड्यात एक काज केलं. सासूबाईंनी ते उजेडात धरलं, बोटाने चाचपलं आणि म्हणाल्या, हिचा हात हलका आहे. माझ्या हाताबद्दल त्या सहा वर्षांत असं काही बोलल्या नव्हत्या. या गोष्टीला सत्तेचाळीस वर्षं झाली. धाकटीला विचारलं तर तिला आठवणारही नाही.

तर नजरेची गोष्ट. डोळ्यांची तपासणी करणारी मंडळी आमच्या भागातल्या शाळेत आली होती. मास्तरने आम्हा दोघींची नावं देऊन टाकली. वर्गाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला होता, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक बारीक होत जाणाऱ्या ओळी. ज्यांना वाचता येणार नाही त्यांनाच आत डॉक्टरांकडे पाठवत होते; बाकीच्यांना तिथूनच घरी. रांगेत माझ्यापुढे धाकटी आणि तिच्यापुढे एक निवृत्त पोस्टमन. त्याने एक डोळा झाकून सगळ्या ओळी खड्या आवाजात वाचल्या, जणू दारोदार हाका मारतोय. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा सगळ्या. नंतर धाकटी उभी राहिली. तिला दोन ओळींच्या पुढे जाता येईना. उजव्या डोळ्याने तर एकच. सिस्टर हळूच म्हणाली, आजी, मोतीबिंदू पिकलाय, आत जा. रांगेतल्या बायका चुकचुकल्या.

माझ्या मनात काय आलं ते आज लिहायला हरकत नाही. मला वाटलं, हिच्यापेक्षा मी बरी ठरायला हवी. मला स्वतःला वरचं मोठं अक्षरही धड दिसत नव्हतं. पण पाठांतर माझं लहानपणापासून पक्कं, आणि पोस्टमनने तर दोनदा म्हणून दाखवलं होतं. सिस्टर छडी टेकवत गेली आणि मी घडाघडा म्हणत गेले, अगदी शेवटची ओळसुद्धा. सिस्टर थक्क झाली. तिने रांगेकडे वळून सांगितलं की बघा, या वयात अशी नजर, चष्म्याशिवाय. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. धाकटी आतल्या दारातून वळून कौतुकाने म्हणाली की आमच्या जाऊबाईंचं सगळंच तसं आहे.

तो दिवस फार गोड गेला. रात्री जेवताना मी तिला भाजी वाढली आणि धीर दिला.

मग तिचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि वारं फिरलं.

आधी सुया. रोज सकाळी पहिल्या उजेडात मी दहा सुयांत दोरे ओवून सुयांच्या छोट्या गादीला टोचून ठेवायची, पाच माझ्या, पाच तिच्या. तिला काही वर्षांपूर्वी ओवता येईनासं झालं तेव्हापासूनची ही रीत. दिसत मलाही नव्हतं, पण दोरा दोन बोटांच्या चिमटीत दाबून सुईचं भोक त्यावर टेकवायचं, हे मला डोळे मिटूनही जमतं. पट्टी निघाल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी गादी तिच्यापुढे सरकवली तर ती म्हणाली की तिच्या पाच तिने ओवल्याही. केवढ्या आनंदाने म्हणाली. मी हो का म्हटलं आणि उठून पाणी प्यायला गेले.

मग कोट. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचं काम म्हणजे नजरेची परीक्षा. वर्षानुवर्षं ते माझ्याकडे यायचं. मी खडूची खूण नखाने शोधायची आणि त्या अंदाजाने सुई चालवायची. एका कोटाचं काज खुणेच्या बाहेर गेलं. धाकटीने ते पाहिलं आणि घाई झाली का असं विचारलं. मी म्हटलं, मास्तरने खूणच वाकडी केलीय. तिला ते लगेच पटलं. ती खिडकीत गेली आणि भर गल्लीत मास्तरला दोन शब्द सुनावून आली की आमच्या जाऊबाईंच्या कामाला नावं ठेवू नका, आधी स्वतःचा खडू सरळ धरा. मास्तर बिचारा मूग गिळून बसला. पण पुढच्या टोपलीत काळे कोट वर आले ते धाकटीच्या नावाची चिठ्ठी लावून.

माझा कसा तिळपापड झाला ते मलाच माहीत. तिला दिसतं म्हणून मला राग येत होता आणि मला दिसत नाही हे सांगायला तोंड नव्हतं. मनात आलं, हिचा डोळा पुन्हा गढूळ झाला तर. असं मनात येणारी बाई मी नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. पण ते आलं होतं.

तिचंही सगळं सुरळीत नव्हतं. डावा डोळा अजून जुनाच, धुकं भरलेला. एक डोळा लख्ख आणि एक गढूळ, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकायचा. चहा ओतायची तो कपाच्या बाहेर. भिंतीवरच्या खिळ्याला पिशवी अडकवायला जायची आणि पिशवी खाली. सिस्टरने तिला बजावलं होतं की दुसरा डोळा होईपर्यंत जिन्याचा कठडा सोडायचा नाही, अशाच वेळी माणसं पडतात. दुसऱ्या डोळ्याची तारीखही दिली होती, आठ आठवड्यांनंतरची. ती चुकली तर ही मंडळी दुसऱ्या गावांना निघून जाणार आणि पुन्हा येणार ती वर्षाने.

पण एका डोळ्यानेही तिला पुष्कळ दिसत होतं. छताच्या कोपऱ्यातली जळमटं, ओट्यामागचं तेल, उशांच्या अभ्र्यांवरचे डाग. आपण या घाणीत राहत होतो, असं म्हणत तिने सगळं घर धुऊन काढलं. आणि एका दुपारी मी गॅलरीत केस वाळवत बसलेली असताना तिने खिडकीखालची लोखंडी ट्रंक ओढून दोन खोल्यांच्या मधल्या दाराशी नेली. मला खिडकीत पाय पसरायला जागा व्हावी म्हणून.

मी उठून आत आले. या घरात मी पावलांच्या हिशोबाने चालते. गॅलरीपासून मधलं दार सात पावलं, तिथून चूल चार. सातव्या पावलाला माझी नडगी लोखंडावर आपटली आणि मी उजव्या हातावर पडले. मनगटातून सुकी काडी मोडावी तसा आवाज आला.

हाडांच्या डॉक्टरने प्लास्टर घालताना विचारलं की भर दुपारी एवढी मोठी ट्रंक दिसली नाही का. मी उत्तर शोधत होते तेवढ्यात धाकटीच बोलली. माणूस आपल्या घरात बघून थोडंच चालतं, ती म्हणाली, आणि यांच्या नजरेबद्दल तर बोलूच नका, तक्त्याची शेवटची ओळ वाचलीय यांनी. चूक माझी आहे, मी वाटेत ट्रंक ठेवली. आणि ती तिथेच, त्या औषधांच्या वासात, पदर डोळ्याला लावून रडली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने रडायचं नसतं म्हणून डॉक्टर तिच्यावर ओरडला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

नंतरचे आठवडे, खरं सांगायचं तर, मला आवडले. धाकटी माझे केस विंचरायची, भात कालवून द्यायची, प्लास्टरच्या आत खाज सुटली की विणकामाची सुई घालून खाजवायची. ट्रंक तिने त्याच संध्याकाळी जागेवर नेली. माझी खुर्ची रिकामी असूनही ती तिच्यावर एकदाही बसली नाही. दाराच्या उजेडात जमिनीवर बसून काळी काजं करायची. तिच्या आवाजातली ती आनंदाची नवी उकळी पार गेली होती. दर दोन दिवसांनी ती म्हणायची की माझ्या हातून असं कसं झालं. मी म्हणायची, जाऊ दे गं. हे असं म्हणायची की ते जाऊ नये.

तारीख जवळ आली. पुढच्या बुधवारी दवाखान्याची गाडी चौकात येणार होती. शनिवारी धाकटीने भांडी घासता घासता सांगितलं की ती जाणार नाही. ऑपरेशन म्हणजे एक रात्र तिथे राहणं आणि मग पंधरा दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही. मग जाऊबाईंचं कोण करणार. मास्तरची बायको बघेल, असं कुणीही म्हणालं असतं. मी फक्त म्हटलं, "तुझी मर्जी." आणि मला आतून बरं वाटलं. म्हणजे तिचं अर्धंच राहणार होतं.

सोमवारी सकाळी चार कोट तयार झाले. टोपलीची दोरी ओढायला मी नव्हते. एकटीने टोपली सोडायची म्हणजे दोरी हातातून निसटायची आणि कोट गटारात जायचे. त्यामुळे माझा हात मोडल्यापासून धाकटी कपडे दोन्ही हातांवर घेऊन जिन्याने खाली नेत होती. कठडा धरायला हात कुठला. त्या सकाळीही ती तशीच गेली. मी दारात उभी होते. तिची पावलं ऐकत होते. बारा पावलं ऐकू आली, आणि मग पाऊल ऐकू आलं नाही. धप्प आवाज आला आणि खाली मास्तर ओरडला.

जमीन आली असं समजून तिने पाय टाकला होता आणि एक पायरी अजून उरली होती.

मी जिन्याच्या तोंडाशी आले. डाव्या हाताने कठडा धरून खाली पाहिलं. खाली काळं काहीतरी पडलं होतं. ते कोट होते की धाकटी, ते मला कळेना. मी डोळे बारीक केले, मान वाकडी केली, सगळं करून पाहिलं. ते हलत होतं की नव्हतं, तेही कळेना. तिने त्या दिवशी कुठलं लुगडं नेसलं होतं ते मला माहीतच नव्हतं, कारण कित्येक दिवस मला रंग नीट दिसत नव्हते. मी तिला हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. सत्तेचाळीस वर्षं ज्या बाईच्या हाताचा, पोराबाळांचा, डोळ्याचा मी हेवा केला, ती खाली जिवंत आहे की नाही हे मला वरून कळत नव्हतं आणि खाली उतरायची माझी छाती होत नव्हती.

मग खालून तिचा आवाज आला, थोडा दबलेला. "कोट शाबूत आहेत, जाऊबाई."

गुडघे फुटले होते आणि हनुवटी सोलवटली होती. मास्तरने तिला धरून वर आणलं, गुडघ्यांना औषध लावायला बायकोला पाठवतो म्हणाला आणि गेला. धाकटी जमिनीवर बसून गुडघ्यावर पाणी मारत राहिली. मी माझ्या खुर्चीत बसले.

"धाकटे," मी म्हटलं, "मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"काहीच धड दिसत नाही. दोन वर्षं झाली. तो तक्ता मी पोस्टमनचा ऐकून पाठ केला होता."

तिचा पाण्याचा हात थांबला असावा, कारण आवाज थांबला. ती म्हणाली, "आणि ट्रंक?"

"तू ठेवलीस म्हणून नाही पडले. दिसली नाही म्हणून पडले."

"पाच आठवडे मी तुमचे केस विंचरतेय."

"हो."

"पाच आठवडे मी रोज सकाळी उठून मनात म्हणतेय, मी माझ्या जावेचा हात मोडला."

"मनातलं मला कसं ऐकू येणार," मी म्हटलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"का पण?" तिने विचारलं. "तुम्हालाही आत पाठवलं असतं. दोघी एका गाडीतून गेलो असतो."

याचं उत्तर मला त्या दिवशी रांगेतच माहीत होतं. दुसरं काही सुचतं का ते मी पाहिलं. सुचलं नाही.

"तू दोनच ओळी वाचल्यास म्हणून," मी म्हटलं.

तिने विचारलं, "आणि मी सगळ्या वाचल्या असत्या तर?"

"तर मी बहुतेक खरं बोलले असते."

मास्तरची बायको औषध घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी दोन भिंतींकडे तोंड करून बसलो होतो. तिला वाटलं धक्का बसलाय. मी तिला सांगितलं की बुधवारी धाकटी ऑपरेशनला जातेय आणि पंधरा दिवस आम्हाला दोघींना तुझ्या हातचं जेवण लागेल. ती आनंदाने हो म्हणाली. धाकटीने नाहीही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण समोर ठेवायची, ताटलीचा आवाज जरा मोठा करून. केस विंचरले नाहीत. बुधवारी सकाळी तिने पिशवी भरली, जाताना दारात थांबली, आणि मला वाटलं आता काही बोलेल. ती मास्तरच्या बायकोला म्हणाली की यांना सांगितल्याशिवाय घरातलं काहीही हलवू नका, झाडूसुद्धा. मग गाडीकडे गेली. कठडा धरून गेली; तिचा हात लोखंडावरून घसरत गेल्याचं मी शेवटपर्यंत ऐकलं.

गुरुवारी संध्याकाळी ती परतली. येऊन माझ्या डाव्या हातात एक कागद ठेवला. मला तो वाचता येत नव्हता, आणि आता तसं सोंग करायचंही कारण नव्हतं. मी विचारलं, काय आहे.

तुमची तारीख आहे, ती म्हणाली. प्लास्टर निघाल्यावर तिसऱ्या दिवशी, मंडळी दुसऱ्या गावी निघण्याच्या आदल्या दिवशीची. तपासल्याशिवाय तारीख देत नाहीत म्हणून सिस्टर आधी नकोच म्हणत होती, पण धाकटीने तिला पोस्टमनची सगळी गोष्ट सांगितली. सिस्टर हसली, डॉक्टर हसले, बाकीच्या पट्टीवाल्या बायका पट्टी धरून हसल्या. म्हणजे चाळीस माणसांपुढे मिळवलेलं मी एका वॉर्डात घालवून बसले होते, आणि तेही माझ्या गैरहजेरीत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, एवढं सगळं सांगायची काय गरज होती.

"होती," धाकटी म्हणाली.

मी कागदाची घडी घातली आणि तो चोळीत ठेवला. जाईन, असं सांगितलं. मग, राहवेना म्हणून, विचारलं की डॉक्टर तेच का, ज्यांनी तुझे दोन्ही डोळे केले. तिने सांगितलं की ते नाहीत, ते आधीच पुढे निघालेत. माझ्या वेळी त्यांच्या हाताखालचे कोणीतरी आहेत, नवीन आहेत म्हणे. हे खरं होतं की मला जाळायला बनवलेलं, ते तिच्या आवाजावरून कळत नव्हतं. एरवी मी तिच्याकडे पाहिल्यासारखं केलं असतं आणि अंदाजाने काहीतरी बोलले असते.

"हसतेयस का गं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."